पिवळा रंग चुकला होता: धुळे जिल्ह्यातल्या एका गायरानाचं प्रकरण

गावाचं नाव लिहीत नाहीये, गावकऱ्यांनीच तसं सांगितलंय. कंपनीचं नाही, खाणवाल्याचंही नाही. धुळे जिल्हा, पांझरा नि बुराई ह्या दोन नद्यांच्या मधला पट्टा, एवढं पुरे. मी धुळ्यात राहतो, सॅटेलाइट इमेज नि नकाशे हे माझं रोजचं काम. ह्या प्रकरणात आमच्याकडून एक चूक झाली, ती शेवटी येईलच, खरंतर तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

पार्श्वभूमी

गाव चारशे-साडेचारशे उंबऱ्यांचं. नाल्याकाठी खोल काळी, तिथे कापूस, मका, थोडा कांदा, आणि वर सरकलं की मुरमाड बरड, तिथे बाजरी नाहीतर काहीच नाही. पाऊस बरा झाला तर पाचशे-सहाशे मिलिमीटर, नाही झाला तर फेब्रुवारीपासून टँकरची वाट. उत्तरेला गायरान, सव्वाशे हेक्टरच्या आसपास, सातबाऱ्यावर मालक म्हणून महाराष्ट्र शासन, इतर हक्कात गायरान. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे उघडाबोडका माळ दिसतो, चार हिवरं, दहा बोरी, मधूनच अंजनाचं एखादं झाड, बाकी दगड नि गवत.

ह्या माळावर एका वर्षात तीन प्रस्ताव आले. पहिला सोलरचा. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० सुरू झाली, शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची म्हणून सबस्टेशनच्या आसपास सोलर प्लांट टाकायचे, सरकारी जमीन असली तर भाडं नाममात्र १ रुपया, खासगी असली तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख नि दरवर्षी ३ टक्के वाढ, शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं. एक मेगावॉटला चार-पाच एकर धरा, इथे १० मेगावॉट म्हणजे साधारण २० हेक्टर. दुसरा प्रस्ताव दगडखाणीचा, गायरानाला लागून असलेल्या खासगी गटात खाण चालूच होती, ती त्यांना गायरानात वाढवायची होती. तिसरा वृक्षलागवडीचा, पाच हेक्टरांवर रोपं लावायची.

इथे एक सांगून ठेवतो, गाव सोलरच्या विरोधात अजिबात नव्हतं. रात्री बारा वाजता लाइट येणार म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, विंचूकाटा, वरून बिबट्याची भीती, हे ज्याने काढलंय त्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगायला नको. पोरं तर म्हणत होती सही करून टाका उद्याच.

अडचण

अडलं कुठे, तर सोलरसाठी जी जागा दाखवली होती ती गायरानाच्या पूर्वेकडची, सपाट, रस्त्याला लागून. माझ्याकडे क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे करायचं सॉफ्टवेअर, शिकायला येणाऱ्या मुलाचे आजोबा, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, त्यांनी प्रस्तावासोबतचा नकाशा बघितला. पूर्ण पूर्वेकडचा माळ पिवळ्या रंगात, आणि खाली लिहिलेलं, पडीक. आप्पा तो कागद घेऊन नातवासोबत थेट माझ्याकडे आले नि पहिलं वाक्य अहिराणीत बोलले, ‘हाई पडीक नही शे भो, हाई ढोरेस्नं ताट शे.’ पडीक कसली, गुरांचं ताट आहे ते.

आणि ते खरंच होतं. पूर्वेकडे पवन्या नि मारवेल, म्हणजे गुरं आवडीने खातात ती गवतं. दक्षिणेकडे सबस्टेशनच्या बाजूला मात्र बहुतेक कुसळी, कुसळं धरली की तिला गुरं तोंड लावत नाहीत, आणि जिथे चराई अती होते तिथेच ती माजते. हा फरक गावातल्या नऊ वर्षांच्या गुराखी पोराला कळतो, नकाशात नव्हता.

का नव्हता, त्याचं कारण अगदी साधं आहे. आपल्याकडचं गवत जून ते ऑक्टोबर हिरवं, दिवाळीनंतर पिवळं, मार्चपासून जमिनीच्याच रंगाचं. वनस्पती मोजायचा नेहमीचा निर्देशांक, एनडीव्हीआय, लाल नि इन्फ्रारेड प्रकाशाच्या फरकावर चालतो, पान हिरवं असेल तर आकडा वर जातो, वाळलं की खाली. एप्रिलची इमेज घेतली तर माळ नि उघडा खडक सारखेच दिसणार. बरं, आकाश निरभ्र म्हणून उन्हाळ्याचीच इमेज सगळ्यांना सोयीची! वरून अशा नकाशांच्या वर्गवारीत बहुतेक वेळा गवताळ माळाला धड खाना नाही, झाडं असतील तर जंगल, पीक असेल तर शेती, दोन्ही नसेल तर पडीक. सातबाऱ्यावर पोटखराब असतं त्यातलाच प्रकार.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, तिन्ही प्रस्तावांना आपापला नकाशा होता आणि तिन्ही एकमेकांवर बसत नव्हते. खाणीच्या नकाशात गायरानाची हद्द एकीकडे, लागवडीच्या नकाशात साठ-सत्तर फूट दुसरीकडे. तिघांनी तीन वेगवेगळ्या गायरानांवर प्रस्ताव टाकल्यासारखं झालं होतं.

कोणते पर्याय होते

दोन-तीन बैठका झाल्या पारावर. सरळ ठराव द्यायचा नि मोकळं व्हायचं, असं एक मत. त्याच्या बरोब्बर उलट मत आबांचं, ते माजी सैनिक, म्हणाले गायरानाची इंचभर जमीन द्यायची नाही, २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनीबद्दल निकाल दिलाय, राज्याचा त्याच वर्षीचा १२ जुलैचा जीआर आहे, कागद पुढे करा. आबांचं चुकीचं नव्हतं, पण नुसता विरोध केला असता तर दिवसाची वीज पण गेली असती नि खाण मात्र मागच्या दाराने वाढली असती, कारण खाणीला ग्रामसभेत कोणी बोलतच नव्हतं. का बोलत नव्हतं हे खान्देशात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको, ट्रॅक्टर सगळ्यांच्याच घरचे तिथे चालतात.

तिसरा पर्याय, आपणच सगळ्या शिवाराचा नकाशा करायचा, कुठे काय आहे ते मांडायचं आणि मग ठरवायचं काय कुठे जाईल. ह्याला तीन-चार महिने लागणार होते आणि ठरावाला मुदत होती. सरपंचताईंनी १ मेच्या ग्रामसभेपर्यंत वेळ मागून घेतला. ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या, दहावी झालेल्या, आणि वेळ मागताना त्यांनी जे कारण दिलं ते मला फार आवडलं, ‘हद्द जुळत नाही, मग आम्ही नेमकी कोणती जमीन देतोय ते तरी कळू द्या.’ ह्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

पहिला नकाशा, जो फसला

जानेवारीत कामाला लागलो. मी, भूगर्भशास्त्र शिकलेला एक मित्र, आणि वनस्पतीशास्त्राचे रिटायर्ड प्राध्यापक, त्यांना आम्ही सर म्हणतो.

आधी हद्द. गाव नकाशा स्कॅन केला, तो सॅटेलाइट इमेजवर बसवायला पक्के बिंदू लागतात. जुन्या मोजणीचे दगड बरेच नांगराखाली गेलेले, शेवटी आप्पांनी तीन गावांची शीव मिळते तो दगड दाखवला, निवडुंगात पूर्ण झाकलेला, वर शेंदूर फासलेला. कोणीतरी देव समजून शेंदूर लावला म्हणून तो दगड टिकला! असे पाच बिंदू मिळाले, मोबाइलच्या जीपीएसने रीडिंग घेतली, एकेका दगडापाशी दहा-दहा मिनिटं थांबून, कारण फोन पाच-सात मीटर इकडेतिकडे करतोच.

मग थर, म्हणजे एकावर एक ठेवायचे वेगवेगळे नकाशे. उंची नि उतार, मातीची खोली, नाले, रस्ते, सबस्टेशनपासून अंतर, आणि हिरवळ. हिरवळीसाठी सेंटिनेल-२ ह्या युरोपच्या उपग्रहांच्या इमेज घेतल्या, त्या फुकट मिळतात, दहा मीटरचा एक चौकोन, आणि २०१७ मध्ये दुसरा उपग्रह वर गेल्यापासून दर पाच दिवसांनी एक इमेज. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातल्या निवडल्या, ढग गेलेले आणि गवत अजून हिरवं, आणि तीन वर्षांच्या घेतल्या म्हणजे एखाद्या दुष्काळी वर्षाने फसवायला नको. ह्या इमेजवर पूर्वेकडचा माळ एप्रिलमध्ये पिवळा होता तो चक्क गर्द हिरवा आला.

म्हटलं झालं, आता सगळ्या थरांना मार्क द्या, वजन लावा, बेरीज करा, जिथे बेरीज जास्त तिथे सोलर. ही पद्धत पुस्तकी आहे नि जगभर वापरतात, पूर्वी पारदर्शक कागद एकावर एक ठेवून करायचे, आता कॉम्प्युटर करतो. धुळ्यात बसून दोन रात्रींत नकाशा काढला, फेब्रुवारीत फ्लेक्सवर प्रिंट करून गावात नेला, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर लावला.

लोक हसले. हिरवळीला एवढं नीट मोजूनही नकाशाने पूर्वेकडचाच माळ सोलरला योग्य म्हणून दाखवला होता, वर सात आसरांचं, म्हणजे पाण्याच्या देवतांचं, ठाणं आणि स्मशानाची वाटही विकासयोग्य! तिथेच उन्हात उभं राहून हिशोब तपासला. माळाला उताराचे नऊ मार्क, रस्त्याचे नऊ, नाल्यापासून अंतराचे आठ, आणि चाऱ्यामुळे दोन. बेरीज घसघशीत, जागा पास. दहावीत गणितात नापास झालं तर मराठीचे ऐंशी मार्क कामी येत नाहीत, आमचा नकाशा मात्र एकूण टक्केवारी बघून पास करत होता. सपाटपणाने चारा भरून निघतो असं आमचं सूत्र म्हणत होतं, आणि ते सूत्र आम्हीच लिहिलं होतं, इथे कंपनी नाही, सरकार नाही.

निर्णयाची पहिली जागा ही. वजनं थोडी इकडेतिकडे करून पाहिजे ते उत्तर काढता आलं असतं, मित्र तसं म्हणालाही, चाऱ्याचं वजन दुप्पट करून टाक. मला ते पटलं नाही, आज मी माझ्या सोयीने करतो, उद्या दुसरा त्याच्या सोयीने करेल. मग बेरीज बाजूला ठेवली. आधी फक्त वगळायचं, म्हणजे ज्या जागेला हात लावायचा नाही ती गावाने ठरवायची, कारणासकट, आणि उरलेल्या जागेतच मार्क लावायचे. वगळायच्या गोष्टी ओट्यावरच ठरल्या: चांगलं गवत, पाण्याच्या जागा, देवस्थान-स्मशान, गुरांची वाट.

फिरून केलेला नकाशा

मग पायी फिरलो, मार्चभर, सकाळी सहा ते दहा. सरांनी एक मीटरची लोखंडी चौकट करून घेतली होती, ती टाकायची, आतलं उभं वाळलेलं गवत कापायचं, पिशवीत भरून तोलायचं. पूर्वेकडचं वजन दक्षिणेच्या तीन-चार पट भरत होतं. नुसत्या इमेजवर हे सांगता येत नाही, कारण कुसळी पण ऑक्टोबरमध्ये हिरवीच असते, इमेजला हिरवळ कळते, गुरांची आवड नाही कळत.

बायकांची बैठक वेगळी घेतली, सरपंचताईंच्याच अंगणात, आणि ती घेतली नसती तर अर्धा नकाशा कोरा राहिला असता. त्यांनी दाखवलं शेण कुठे गोळा होतं, म्हणजे दुपारी गुरं कुठे बसतात ते आपोआप कळलं. सरपणाच्या जागा, बोरांच्या जागा, आणि पश्चिमेच्या टोकाला मुरूम उकरून उकरून झालेले खड्डे, ‘तिथे काहीच नाही दादा, तिथे आम्ही जातच नाही.’ हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं. तो भाग सबस्टेशनपासून फार लांब नव्हता.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम नकाशावर घेतली नाही. माळावर खोकडाची बिळं आहेत, माळटिटवी नि धाविक ही जमिनीवर अंडी घालणारी पाखरं आहेत, दोन औषधी झुडपंही आहेत ज्यांना बाजारात भाव आहे. सरांचं म्हणणं, लोक जैवविविधता नोंदवहीत लिहा, फ्लेक्सवर ठिपका टाकू नका, ठिपका टाकला की दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन माणूस हजर. मी म्हणत होतो की नकाशात नाही म्हणजे निर्णयात नाही. शेवटी मधला मार्ग, नेमका ठिपका नाही, तो सगळाच भाग वगळलेल्या रंगात. सर तेव्हा रानपिंगळ्याची गोष्ट सांगत बसले, हे घुबड १८८४ नंतर कोणाला दिसलंच नाही, संपलं म्हणून सगळे मोकळे झाले, आणि ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये, आपल्याच शहाद्याजवळ दिसलं. नकाशात नसलेलं पण जमिनीवर असलेलं असं कितीतरी असतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, पण गोष्ट तासभर चालली.

वऱ्हाड

हा भाग जरा निवांत सांगतो, कारण सगळ्यात मोठी गोष्ट इथे हाती लागली.

गायरानाच्या मधून पूर्व-पश्चिम काळ्या दगडांची एक रांग जाते, कुठे कमरेएवढी, कुठे जमिनीत बुडालेली, पण सरळ, दोरी लावल्यासारखी. गावात तिला वऱ्हाड म्हणतात, लग्नाला निघालेलं वऱ्हाड शापाने दगड झालं अशी गोष्ट. इमेजवर ती रेघ शेजारच्या दोन गावांत पण जाताना दिसते. माझा भूगर्भवाला मित्र बघताक्षणी म्हणाला, डाईक! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, जमिनीला उभ्या फटी पडल्या, त्यात रस भरून थिजला, त्या ह्या भिंती. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा दोनशेच्या वर भिंती अभ्यासकांनी मोजून मांडल्यात, बहुतेक पूर्व-पश्चिमच, आणि सगळ्यात लांब भिंत ऐंशी किलोमीटरच्या जवळपास जाते.

आता ह्याचा पाण्याशी संबंध काय. भिंत एकसंध असेल तर जमिनीखालून उताराने येणारं पाणी तिथे अडतं, वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकतं, आणि जिथे भिंतीला तडा असेल तिथून ते पाझरतं. आम्ही टेप घेऊन ३१ विहिरी मोजल्या, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हातारी माणसं अजून परस ह्या जुन्या, माणसाच्या उंचीच्या मापात सांगतात, ‘सात परस पाणी होतं हो’, आम्ही मीटरमध्ये लिहिलं. नकाशावर ठिपके टाकले आणि रंग दिला तर चित्र इतकं स्वच्छ आलं की कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, वऱ्हाडाच्या वरच्या अंगाला निळे ठिपके, खालच्या अंगाला लाल, अपवाद फक्त चार. ते चारही एकाच ठिकाणी, सात आसरांच्या ठाण्याखाली. तिथे भिंतीला भेग आहे, एप्रिलमध्ये पण दगड ओला लागतो हाताला, भेगेत नेचाची पानं. आसरा पाण्याच्याच देवता, कोणीतरी कधीतरी ही जागा ओळखूनच तिथे सात दगड मांडले असणार.

आणि खाण चालू होती ती ह्याच वऱ्हाडावर. डाईकचा दगड खडीला उत्तम, म्हणून तर. खाण जिथे वाढवायची होती तिथून आसरांचं ठाणं दोनशे मीटर पण नाही.

दुसरी निर्णयाची जागा इथे आली. विहिरींचा नकाशा ओट्यावर लावायचा का? कोणाच्या विहिरीला किती पाणी हे सगळ्यांना दिसणार, जमिनीच्या भावावर परिणाम, भाऊबंदकीत वाद, वरच्या अंगाला नवीन बोअर मारायची शर्यत. बोअरचीच भीती जास्त होती. शेवटी विहिरीवाल्यांची संमती घेतली, नावं नि गट नंबर काढून टाकले, नुसते ठिपके ठेवले. गावात ठिपका बघून विहीर कोणाची ते कळतंच, पण निदान तो कागद बाहेर गेला तर नाव जात नाही.

ग्रामसभा

१ मेच्या ग्रामसभेत नकाशा लावला. चर्चा अडीच तास, त्यात अर्धा तास भांडण, ते सोडून देतो. ठराव असा झाला: सोलरला संमती, पण जागा पश्चिमेची, मुरमाच्या खड्ड्यांची नि त्याला लागून असलेल्या कुसळीच्या पट्ट्याची. पूर्वेकडचा माळ चराईलाच. वऱ्हाडापासून शंभर मीटर गायरानात खोदकाम नाही. लागवड माळावर नको, नाल्याच्या काठाने करा, आणि निलगिरी-ग्लिरिसिडिया नको, अंजन, खैर, पळस लावा. गवताच्या माळावर झाडं लावणं म्हणजे एक चांगली गोष्ट मोडून तिथे दुसरी, बहुतेक वेळा मरणारी, गोष्ट लावणं, असं माझं स्पष्ट मत आहे, पण वृक्षलागवडीला विरोध करणारा माणूस दिसायला वाईट दिसतो म्हणून कोणी बोलत नाही.

कंपनीच्या माणसाने आधी नाक मुरडलं, खड्डे सपाट करायचा खर्च. पण त्यांनाही हद्दीची कटकट नको होती, आमच्या नकाशात हद्द पाच बिंदूंवर पक्की होती नि तलाठी भाऊसाहेब ती जागेवर येऊन बघून गेले होते. पंधरा दिवसांत त्यांचं हो आलं, दहाऐवजी आठ मेगावॉटला. दोन मेगावॉटची जागा खड्ड्यांनी खाल्ली.

जूनमध्ये काय झालं

मेच्या शेवटी तारेच्या कुंपणाचे खांब आले, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस पडून गेल्यावर ठेलारी आले.

ठेलारी म्हणजे आपल्या भागातले मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढ्या, घोडी, कोंबड्या, लेकरं घेऊन गुजरातकडे नाहीतर खालच्या मुलुखात निघतात आणि पावसाळ्याला परततात. ह्या गावच्या शिवारात त्यांचे पाच-सहा वाडे, म्हणजे मेंढ्यांसकट मुक्काम, पावसाळाभर असतात, गावकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात खतासाठी, त्याचं धान्य देतात, पिढ्यानपिढ्या चाललंय. आणि त्यांचा वाडा बसायची जागा कुठली, तर पश्चिमेची. मुरमाच्या खड्ड्यांजवळची. मुरमाड म्हणून चिखल होत नाही, मेंढीच्या खुरांना कुजका लागत नाही, आणि खड्ड्यांत पावसाचं पाणी साचतं ते प्यायला.

‘तिथे काहीच नाही दादा’ हे बायकांनी सांगितलं ते मार्चमध्ये. मार्चमध्ये तिथे खरंच काही नव्हतं. आम्ही जानेवारी ते एप्रिल फिरलो, बरोब्बर त्याच महिन्यांत जेव्हा ते लोक तीनशे किलोमीटर लांब असतात. एप्रिलच्या इमेजवरून माळाला पडीक म्हणणाऱ्यांना आम्ही नावं ठेवली, आणि आम्ही स्वतः एका ऋतूचीच माणसं विचारात घेतली. तोच दोष, फक्त गवताऐवजी माणसांच्या बाबतीत.

सांगायची लाज वाटते पण गावातही कोणी बोललं नव्हतं. आप्पांना विचारलं तर म्हणाले, ‘ते तर येतातच ना, त्यात सांगायचं काय.’ रोजच्या डोळ्यासमोरची गोष्ट कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

वाड्यातली एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात लोकरीचं चातं, ती खांबांच्या रांगेशी येऊन उभी राहिली नि एक-एक खांब मोजत पुढे गेली. शेवटच्या खांबाशी थांबून तिने विचारलं एवढंच, की मेंढ्या कुठून जातील. मी फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरून उभा होतो.

मग धावपळ. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून कंपनीने दक्षिणेच्या बाजूचे अकरा खांब मागे घेतले, तीस फुटांची वाट सोडली. वाड्याची नवी जागा ठेलाऱ्यांनीच निवडली, आम्ही नुसते मागे चाललो आणि बिंदू घेत गेलो. ती जागा आमच्या नकाशात कुसळीच्या पट्ट्याचं टोक म्हणून होती, त्यांच्या भाषेत तिला वेगळं नाव आहे. ऑगस्टच्या ठरावात वाट नि वाडा दोन्ही गेले, गायरानाच्या नकाशावर तुटक रेघेने, ‘जून ते दिवाळी’ असं लिहून. साचलेल्या पाण्याचं काय, त्याला एक खड्डा कुंपणाबाहेर ठेवला. एक पुरत नाही, पाऊस लांबला की लगेच कळतं.

आजची स्थिती

प्लांट उभा राहिलाय, शेतीच्या फीडरला दिवसाची वीज येतेय, सकाळी नऊला मोटर चालू करून माणूस चहाला घरी येतो. पूर्वेकडचा माळ शाबूत आहे. खाणीचं अर्धवट. गायरानात वाढ थांबली, पण खासगी गटातली खाण चालूच आहे, आमच्या शंभर मीटरचा ठराव तिथे लागू होत नाही, त्यासाठी अर्ज केलाय, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरतोय. लागवड नाल्याकाठी झाली, जगलेली झाडं मोजायला कोणी गेलेलं नाही.

आणि हो, बोअरची भीती खरी ठरली. ठिपक्यांचा नकाशा लागल्यापासून वऱ्हाडाच्या वरच्या अंगाला तीन नवीन बोअर झाल्या. आम्ही नकाशा लावला नसता तर झाल्या नसत्या असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, पण लावल्यावर झाल्या.

पुन्हा करायचं झालं तर

वर्षभर फिरेन, निदान एक पूर्ण पावसाळा धरून. मुदत आडवी आली तर ‘हा नकाशा जानेवारी ते एप्रिलचा आहे’ असं मोठ्या अक्षरात त्यावरच लिहीन. आमच्या फ्लेक्सवर उत्तर दिशा होती, स्केल होता, महिना नव्हता.

गावात कोण आहे विचारण्याआधी गावात कोण येतं-जातं ते विचारेन. ठेलारी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकी. ह्या लेकींना त्यांच्या लहानपणीचा माळ आठवतो, कुठलं पाणी कधी आटलं ते त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

विहिरींच्या ठिपक्यांऐवजी नुसता पट्टा दाखवेन. आणि नकाशा लावायच्या आधी बोअरबद्दल ठराव घेईन, नंतर नाही. हा क्रम चुकला त्याची किंमत खालच्या अंगाचे शेतकरी देणारेत, ज्यांची विहीर आधीच लाल ठिपका होती.

बेरजेच्या आधी वगळणं, हे मात्र तसंच ठेवेन. त्यानंतर दोन गावांत काम केलं, तिथे पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडलाच नाही, फक्त विचारलं की कशाला हात लावायचा नाही.

विहिरी आता गावातलीच पोरं मोजतात, वर्षातून दोनदा, दिवाळीला नि आखाजीला, कारण तेव्हा सगळे घरी असतात नि विहिरीवर झाकण असेल तर ते काढायला चार हात मिळतात. गेल्या आखाजीला झोके बांधायच्या आधी सकाळी सकाळी टेप घेऊन गेले. आसरांखालच्या चार विहिरींपैकी तिघींचं पाणी जिथल्या तिथे होतं. चौथी, खाणीच्या बाजूची, आधीच्या आखाजीपेक्षा दीड मीटर खाली. एका वर्षाच्या आकड्यावरून काही म्हणता येत नाही असं मी त्यांना फोनवर सांगितलं, तर आप्पांचा नातू म्हणाला, ‘सर, अर्जाला जोडू तरी द्या.’ जोडलाय.